लवंगीचं काळीज उजवीकडे होतं

माझ्या नोकरीच्या फायलीत दोन मेमो आहेत. पहिला मी स्वतः कमावलेला आहे. दुसरा माझ्या नावावर टाकलेला आहे. दोन्हींच्या मधे चौदा वर्षं गेली, पण फाईल उघडणारा माणूस दोन्ही कागद एकापाठोपाठ वाचतो आणि म्हणतो, बाई काही सुधारल्या नाहीत.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आठवणी मागायला पोरं आली तेव्हा मी आधीच सांगितलं, गोड आठवणी हव्या असतील तर मिठाईवाल्याकडे जा. ती हसली आणि म्हणाली, "मोहितेबाई, तुम्हाला पाहिजे ते लिहा." बोलून गेली आहेत. आता लिहिते.

मी प्राण्यांचे एक्स-रे काढत होते. लालबाग आणि भायखळा यांच्या मधे एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण दवाखान्याशी नाही, तिथल्या एका कागदाशी आहे. आमच्याकडे यायची ती बहुतेक कुत्री, मग मांजरं, पतंगाच्या मांज्यात अडकलेल्या घारी. एकदा गिरगावातून एक गृहस्थ कासव घेऊन आले. दोन दिवस हललं नव्हतं. ते जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना फोटोवरून हवं होतं. मी फोटो काढेपर्यंत कासवाने टेबलावर शी केली. मी म्हटलं, "घ्या तुमचा रिपोर्ट."

एक्स-रे काढणं म्हणजे बटण दाबणं, असं लोकांना वाटतं. माणसाला सांगता येतं, श्वास घ्या, धरा, सोडा. कुत्र्याला सांगून बघा. छातीचा फोटो नीट यायचा तर फुप्फुसं हवेने भरलेली असावी लागतात. तेव्हा दोन्ही हातांनी कुत्रं धरायचं, डोळे त्याच्या बरगड्यांवर ठेवायचे आणि श्वास पुरता आत गेला की पायाखालचं पेडल दाबायचं. धापा टाकणारं असेल तर नाकावर हलकी फुंकर मारायची. ते एक क्षण चकित होऊन थांबतं. तेवढा क्षण तुमचा. हे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत. कोर्स मी नंतर केला, संध्याकाळचा, दादरला जाऊन. काम त्याआधीच शिकले होते.

शिकले ती गोष्टही सौद्याची आहे. मी तिथे फरशी पुसायला लागले होते. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. गिरणी गेली आणि मी कामाला लागले, एवढंच. तेव्हाचे एक्स-रे ऑपरेटर राणे म्हणून होते. माणूस हुशार, पण कुत्र्यांना घाबरायचे. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी आणि कुत्रं भुंकलं की हे दाराआड. मी त्यांना म्हटलं, "राणेसाहेब, कुत्री मी धरते. तुम्ही मला मशीन शिकवा." ते म्हणाले, "नुसतं धरायच्या बदल्यात मशीन? मशीन मोठं आहे." मी म्हटलं, "चावा त्याहून मोठा असतो." दोन वर्षांत मशीन माझ्या हातात आलं. राणे निवृत्त झाले तेव्हा दहाही बोटं शाबूत होती. त्यातली निदान चार माझ्यामुळे.

आता अक्षराबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

एक्स-रेचा फोटो म्हणजे सावली. सावलीवरून डावं-उजवं कळत नाही. म्हणून फोटो काढण्याआधीच प्लेटवर शिशाचं एक लहान अक्षर ठेवतात. इंग्रजी एल किंवा आर. शिशातून किरणं जात नाहीत, म्हणून ते फोटोत पांढरं उमटतं. जनावराची ही बाजू डावी किंवा ही उजवी, असं ते अक्षर सांगतं. सोपं वाटतं ना? कुत्रं पोटावर निजलेलं असेल आणि तुम्ही शेपटीकडे उभ्या असाल, तर त्याची डावी ती तुमची डावी. त्यालाच पाठीवर निजवलं की त्याची डावी तुमच्या उजव्या हाताला येते. दिवसात वीस कुत्री, त्यातली निम्मी वळवळणारी. प्रत्येक वेळी मनात एकदा उलटसुलट करून अक्षर ठेवायचं.

पहिला मेमो इथलाच. गिरगावातलं पॉमेरेनियन, नाव सोनू, मागच्या एका पायाने लंगडत होतं. खुब्याचं हाड झिजलं होतं. मी त्याला पाठीवर निजवलं, अक्षर लावलं. फोटो काढणार तेवढ्यात ते उसळलं आणि टेबलावरून खाली. पकडून पुन्हा निजवलं. या वेळी डोकं होतं तिकडे शेपटी आली. अक्षर मात्र जागचं हललं नाही. हलवायचं ते मी, आणि मी हलवलं नाही. सर्जनने फोटोवर भरवसा ठेवला. चांगल्या पायाच्या कातडीला चार बोटं छेद गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. सोनू वाचला, दुसरा पायही नीट झाला. त्याचे मालक निवृत्त गृहस्थ. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "होतं हो." ओरडले असते तर बरं झालं असतं. तो मेमो मी वाचून सही करून घेतला. आजही तो माझा आहे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. अक्षर ठेवलं की त्या बाजूच्या पंजाला हात लावून मोठ्याने म्हणायचं, "डावा." मग पेडल. लोक हसायचे. कुत्र्याशी बोलते म्हणायचे. चौदा वर्षं मी प्रत्येक फोटोला बोलले आहे.

जन्मतः आतलं काही चुकलेली पिल्लं वर्षाकाठी पाचसहा यायची. माणसाच्या बाळांत जे होतं ते कुत्र्यांतही होतं. दादरच्या एका शिक्षिकाबाईंचं पिल्लू असंच. जेवलं की दम लागायचा. फोटोत हृदय नारळासारखं गोल. दळवी डॉक्टर म्हणाले, हृदय वाढलंय. दळवी हे आमचे मुख्य डॉक्टर. माणूस वाईट नव्हे, घाईतला. मी म्हटलं, "डॉक्टर, हृदयात बुडबुडे कसे?" खरंच हवेचे बुडबुडे होते. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला जन्मतः भोक राहून आतडी वर सरकली होती आणि थेट हृदयाच्या पिशवीत जाऊन बसली होती. हृदय आपलं लहानच होतं, शेजाऱ्यांनी घर अडवलं होतं. ऑपरेशन होऊन आतडी खाली गेली, पिल्लू नीट झालं. शिक्षिकाबाईंनी दळवींना पेढे दिले. दळवींनी त्यातला एक मला दिला. मी खाल्ला. तेव्हा भांडले नाही याचं मला आता वाईट वाटतं. माणसाला एका पेढ्याची सवय लावली की पुढे तो तेवढाच देतो.

लवंगी आली तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरवरचे एक्स-रे येऊन वर्ष झालं होतं. प्लेट मशीनला लावली की फोटो पडद्यावर. तिथे एक बटण असतं, ते दाबलं की फोटो आरशातल्यासारखा उलटतो. अक्षरही पडद्यावरच टाइप करता येतं. मी मात्र शिशाचंच ठेवायची. दवाखान्यातली पोरं म्हणायची, "बाई, जमाना बदलला." मी म्हणायची, "कुत्र्याच्या बाजू बदलल्या का?"

परबकाकींचं लालबागला मसाला कांडप आहे. मिरची, धणे, हळद, लोकांचं सामान आणायचं आणि कुटून द्यायचं. मे महिन्यात त्यांच्या दारात उभं राहिलं तरी डोळे झोंबतात. लवंगी ही त्यांची गावठी कुत्री, आठ महिन्यांची, मिरचीसारखीच बारीक. खोकायची आणि जिना चढताना मधेच बसायची. अख्ख्या चाळीने ठरवून टाकलं होतं की मिरचीचा खकाणा लागतोय. काकींनी तिला महिनाभर भावजयीकडे करी रोडला ठेवली, तरी खोकला होताच, म्हणून आणली.

दळवी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. कुत्री काकींच्या मांडीवर गोळा होऊन बसलेली. ते म्हणाले, आवाज आहे, मोठा आहे, छातीचा फोटो काढा.

तो आवाज डॉक्टर लोक यंत्राचा आवाज म्हणतात. मला त्यांनी पूर्वी एकदा ऐकवला होता. आमच्या वडलांच्या साच्यासारखाच, मधे न थांबणारा. पिल्लू आईच्या पोटात असताना श्वास घेत नाही, म्हणून रक्ताने फुप्फुसांना वळसा घालून जावं यासाठी एक लहान नळी असते. जन्मल्यावर थोड्या दिवसांत ती आपोआप मिटते. एखाद्याची मिटत नाही. मग रक्त पुन्हा पुन्हा चुकीच्या वाटेने फुप्फुसांत शिरतं, हृदय जास्तीचं ओझं ओढून फुगतं आणि बहुतेक पिल्लं फार काळ काढत नाहीत. पण छाती उघडून ती नळी दोऱ्याने बांधली की जनावर पूर्ण बरं होतं. देवाने अर्धवट ठेवलेलं काम माणसाच्या हाताने पुरं होतं, अशा थोड्या दुखण्यांपैकी हे आहे.

अशा कुत्र्याच्या छातीवर हात ठेवला तर तळव्याला घुरघुर लागते, मांजर झोपल्यासारखी. ती नेहमी डाव्या बाजूला लागते, कारण नळी डावीकडे असते. मी लवंगीला धरलं आणि माझ्या उजव्या हाताला घुरघुर लागली. ती पोटावर निजलेली, मी शेपटीकडे. म्हणजे तिच्या उजव्या बाजूला. मी हात बदलून बघितले. डावीकडे काही नाही. मी डाव्या पंजाला हात लावला, "डावा" म्हटलं, अक्षर तपासलं, फुंकर मारली, पेडल दाबलं.

पडद्यावर बघून दळवी म्हणाले, "बाई, पुन्हा?"

"काय पुन्हा?"

"अक्षर उलटं लावलंत."

"नाही लावलं."

"हे बघा. हृदयाचं टोक उजवीकडे. पोटातली हवा उजवीकडे, लिव्हर डावीकडे. नुसतं हृदय सरकलं असतं तर मी विचार केला असता. सगळंच उलटं आहे म्हणजे फोटो उलटा आहे. साधी गोष्ट आहे."

"मग कुत्रीच तशी असेल."

ते हसले. सांगायला हवं की त्यांचं म्हणणं चुकीचं असलं तरी वेडगळ नव्हतं. आतलं सगळंच्या सगळं आरशातल्यासारखं असणारं जनावर लाखात एखादं असतं म्हणतात. अक्षर चुकलेले फोटो मात्र दर महिन्याला कुठे ना कुठे निघतात. आणि माझ्या फायलीत सोनू होता.

त्यांनी बटण दाबलं. फोटो उलटला. हृदय गेलं डावीकडे, पुस्तकात असतं तसं. माझं अक्षरही उलटं दिसू लागलं, म्हणून त्यांनी ते पडद्यावर झाकून नवीन टाइप केलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिच्या छातीवर हात ठेवून बघा."

"मी ऐकलंय."

"ऐकू दोन्हीकडे येतं एवढा मोठा आवाज आहे. हाताला एकीकडेच लागतं."

"बाई, बाहेर अकरा पेशंट आहेत."

तेव्हा मी जे बोलले ते तसंच लिहिते. मी म्हटलं, "देवाने हात काय खिशात ठेवायला दिलेत का?" दार उघडं होतं. अकराच्या अकरा पेशंटच्या मालकांनी ऐकलं. एक जण हसला. तो हसला नसता तर कदाचित मेमो आला नसता.

दुसऱ्या दिवशी आला. 'कामातील निष्काळजीपणा व उद्धट वर्तन.' मी सही करायला नकार दिला. शिपायाने 'नकार दिला' असं लिहून कागद फायलीत लावला.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर बाहेरचे. त्यांनी नळी बघितली, मापं घेतली. ती डावीकडेच असते, त्यामुळे बाजू पुन्हा विचारायची कुणाला सवय नसते. फोटो हाताशी होता, त्यावरून त्यांनी 'डावी' लिहून टाकलं. आता लवंगीचा जीव त्या एका बटणावर होता. गुरुवारी पुण्याहून सर्जन केतकर मॅडम येणार आणि डाव्या बरगड्यांमधून तिची छाती उघडणार. तिथे नळी नसणार. पुन्हा मिटून दुसरीकडून उघडण्याइतकी ताकद त्या एवढ्याशा जिवात नव्हती. हे मला दळवींनीच वर्षापूर्वी शिकवलं होतं, दुसऱ्या एका कुत्र्याच्या वेळी.

गुरुवारी सकाळी काकी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. लवंगीला आत नेलं होतं. ऑपरेशननंतरच्या फोटोसाठी मी चाकांवरचं मशीन घेऊन तिथेच होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "काकी, ती तुमच्याजवळ निजते?"

"माझ्या कुशीतच निजता. कित्याक?"

"तिच्या छातीत घुरघुर लागते ना? कुठल्या बाजूला?"

काकींनी डोळे मिटले आणि हाताने हवेत कुत्री धरून बघितली. "उजव्या बाजूक. मगे? सगळ्या कुत्र्यांचा तसाच नसता?"

"नसतं."

"डाक्टराक म्हाईत आसा मा?"

मी उठले आणि आत गेले. आम्हाला आत जायची परवानगी नसते, टोपी-मास्क लावल्याशिवाय तर नाहीच. टोपी लावली, मास्क लावला, चपला बदलल्या. भांडायला जाताना नियम पाळून जावं, नाहीतर समोरचा नियमावर बोलतो.

लवंगी उजव्या कुशीवर निजवलेली. गुंगी दिलेली. डावी बाजू भादरून गुलाबी झालेली, तिच्यावर औषध पुसलेलं. केतकर मॅडम हात धुऊन तयार. त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. दळवी म्हणाले, "मोहितेबाई, तुमचं काम नंतर आहे."

मी बाजारात वाढलेली बाई आहे. एक गोष्ट हवी असेल तर मागताना पाच मागायच्या, हे मला सातव्या वर्षापासून येतं. मी मॅडमना म्हटलं, "ऑपरेशन रद्द करा."

"काय?"

"कुत्रीचं काळीज उजवीकडे आहे. फोटो उलटवलेला आहे."

दळवी म्हणाले, "मॅडम, हा विषय झालाय. अक्षर चुकलं होतं. त्यांची चूक आहे, त्यांना मान्य नाही."

"रद्द नको तर पुन्हा इको करा," मी म्हटलं.

"ती गुंगीत आहे," मॅडम म्हणाल्या. "मला तिला उगाच लांबवायचं नाहीये."

"मग नवीन एक्स-रे. मशीन दारात आहे."

"बाई, तुम्ही बाहेर जा."

"मग नुसता हात ठेवा. तिच्या खालच्या बाजूला. दहा श्वास. डावीकडे घुरघुर लागली तर मी आत्ता राजीनामा लिहून देते, दळवी डॉक्टर साक्षीला."

मला पहिल्यापासून तेवढंच हवं होतं.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना मी आवडले नव्हते, ते दिसत होतं. तेवढ्यात दाराच्या फटीतून काकींचा आवाज आला. "हात लावून बघूक तुमचा काय जाता? कुत्री माझी आसा."

मग मॅडम दळवींना म्हणाल्या, "ऑपरेशनच्या कागदावर सही या मालकीणबाईंची आहे ना? ठेवते हात." त्या पुन्हा हात धुवायच्या तयारीनेच पुढे आल्या आणि त्यांनी तळवा लवंगीच्या आणि टेबलाच्या मधे सरकवला. डोळे त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे लावले. दहा श्वास झाले. हात काढला, वरच्या भादरलेल्या बाजूवर ठेवला. पुन्हा खाली. मग स्टेथोस्कोप मागितला आणि दोन्हीकडे वेळ घेऊन ऐकलं.

"कुणी फोटो उलटवला?" त्यांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. मीही नाही. तो एक क्षण मी गप्प बसले, ते माझ्या स्वभावात बसत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मग त्यांनी नवीन फोटो काढायला लावला. शिशाचं अक्षर त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलं. मी सवयीने पंजाला हात लावून "डावा" म्हटलं, तर त्याही मास्कमधून म्हणाल्या, "डावा." पडद्यावर हृदय उजवीकडे, पोटातली हवा उजवीकडे, लिव्हर डावीकडे. आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त आरशातल्यासारखं. अशी जनावरं त्या उलटेपणाने मरत नाहीत. त्यांना सरळ मानणाऱ्यांमुळे मरू शकतात.

केतकर मॅडमनी त्या दिवशी ऑपरेशन केलं नाही. म्हणाल्या, "हे सगळं मला उलट्या हाताने करायचंय. मला आधी डोक्यात करून बघायला हवं." चूक कळल्यावर थांबायलाही सर्जन लागतो. त्या माझ्याशी पुढे फार बोलल्या नाहीत, पण त्या वाक्यासाठी मी त्यांना मानते. लवंगीला जागं केलं. काकी तिला शालीत गुंडाळून घेऊन गेल्या, एक बाजू भादरलेली. जाताना म्हणाल्या, "दुसरी बाजू पण भादरूची लागतली. थंडीत कुडकुडतला गो माझा चेडू."

पुढच्या गुरुवारी उजव्या बाजूने छाती उघडली. नळी तिथेच होती. दोन जागी रेशमी दोऱ्याने बांधली. टाके घालून झाल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं आणि काही न बोलता लवंगीकडे बोट दाखवलं. मी हात ठेवला. घुरघुर गेली होती. नुसते ठोके, एकामागून एक, मधे थांबून. इतकं साधं काही माझ्या हाताला क्वचित लागलं असेल.

लवंगी आता सहा वर्षांची आहे. कांडपाच्या दारात झोपते आणि मिरची सुरू झाली की शिंकते. आता ते खरोखर मिरचीमुळे आहे.

आता कागदाचं.

मला वाटलं होतं मेमो आपोआप जाईल. गेला नाही. महिन्याने मी विचारलं तर दळवी म्हणाले, "केसपेपरमध्ये दुरुस्ती केलीये बाई." मी म्हटलं, "केसपेपर कुत्रीचा आहे. मेमो माझा आहे." ते म्हणाले, "त्यात उद्धट वर्तनही आहे. ते तर झालं होतं ना?" मी म्हटलं, "झालं होतं. ते ठेवा. 'निष्काळजीपणा' एवढा एक शब्द काढा." ते म्हणाले, जावक झालेल्या कागदातला शब्द काढता येत नाही. वर्षभराने त्यांनी डॉक्टरांच्या एका परिषदेत लवंगीची केस मांडली. फोटो माझा. 'दुर्मीळ अवस्थेचे वेळीच निदान.' कुणी वेळीच केलं ते नव्हतं. तिथून आलेला एक पेनचा सेट त्यांनी मला दिला. या वेळी मी घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ ठेवलं होतं. मी निरोप पाठवला, मेमो दुरुस्त करा, मी येते. त्यांनी निरोप पाठवला, हॉल बुक झालाय. मी गेले नाही. परबकाकींनी मला घरी बोलावून कोंबडीची सागुती आणि वडे वाढले. नंतर ट्रस्टने विचारलं, नव्या ऑपरेटरांना शनिवारी शिकवायला याल का, त्यांना कुत्री धरता येत नाहीत. मी तीच अट घातली. अजून गेलेले नाही. यात कुत्र्यांचा काय दोष, हे मला कळतं. कधी दवाखान्यावरून जाताना आतून कुणी किंचाळलं की कुणीतरी चुकीचं धरलंय हेही कळतं. तरी गेलेले नाही.

तो शब्द काढा, असे माझे अर्ज मात्र चालू आहेत. गेल्या महिन्यात ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला. गेले तर तिथल्या चव्हाण क्लार्कने कागद पुढे केला. छापील मजकूर होता. 'श्रीमती मोहिते यांना समज देऊन सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

"सही करा," ते म्हणाले. "विषय बंद."

"समज कुणाला?"

"तुम्हाला."

"कशाची?"

त्यांनी कागद उलटा करून मागे बघितलं. "ते लिहिलेलं नाही. नमुना असाच असतो, बाई. एवढं काय त्यात? दळवी साहेबांनी मुद्दाम तुमच्यासाठी करून घेतलंय."

"मेमोतला शब्द निघणार का याने?"

"निघणार नाही, पण वर हा कागद लागेल. झाकला जाईल."

मी त्यांचं पेन घेतलं. 'श्रीमती मोहिते' यावर एक सरळ रेघ मारली. वर नीट अक्षरात 'डॉ. दळवी' लिहिलं. खाली माझी सही, तारीख घातली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

चव्हाण म्हणाले, "अहो, हे काय केलंत? हा आता वर कसा पाठवू मी?"

"आवक करा. आलेला कागद आहे, आवक करायलाच लागतो."

त्यांनी पंखा वाढवला. चहा मागवला, दोन. मी चहा प्यायले आणि बसून राहिले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्यांनी खण उघडला, शिक्का काढला, कागदावर मारला आणि पोचपावतीवरही मारला. पोच मी पिशवीत ठेवली आणि मगच उठले.